ढ-खालचं टिंब

रायपूरहून आल्यापासून स्टाफरूममध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "कितवा नंबर?" तिसरा, असं सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि "चला, गाव तरी बघून झालं" म्हणून माझी समजूत घालतो. मला समजूत नको आहे. नंबर तिसरा आला हे खरं आणि आमच्या मुली चुकल्या नव्हत्या हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायला बार्शीत कुणाला वेळ नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी बार्शीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेला दोघीदोघींच्या टीम लागतात. माझ्या टीममध्ये मेघा आणि फरजाना. स्पर्धा साधी असते. प्रश्न मिळतो, त्यावर प्रोग्राम लिहायचा आणि पाठवायचा. परीक्षकांनी काही माहिती लपवून ठेवलेली असते, ती आपल्या प्रोग्रामला वाचायला देतात. उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळलं तर पडद्यावर हिरवा चौकोन, नाही जुळलं तर लाल. लाल झाला की वेळेचा दंड. प्रोग्राम मध्येच कोसळला तर यंत्र तेवढंच लिहितं; बाकी काय चुकलं ते सांगत नाही, वाद घालत नाही.

ती माहिती वाचण्याला या क्षेत्रात कुणी किंमत देत नाही. मोठमोठी गणितं सोडवणारी मुलं म्हणतात, वाचण्यात काय अक्कल? मी हे कधीच मान्य केलेलं नाही. माझ्या मुली सुरुवातीला कितीतरी दिवस फक्त वाचायला शिकतात. ओळ कुठं संपली, नावाच्या मध्ये जागा आहे का, स्वल्पविरामाच्या मागे काही चिकटलंय का. निवडल्याशिवाय आपण तांदूळ शिजायला टाकत नाही, मग माहिती का टाकायची? त्यामुळे आमच्या विभागात माझ्या वर्गाला चेष्टेनं "ढ तुकडी" म्हणतात. पोरींनी ते नाव उचललं आणि स्पर्धेत टीमचं नाव म्हणून तेच दिलं. मी आडवी आले नाही. रायपुरातून पहिल्या दोन टीम पुढच्या फेरीला जाणार होत्या आणि पुढच्या फेरीत कंपन्या मुलाखती घेतात. आमच्या कॉलेजात कंपनी येत नाही, कधी आलेली नाही. नोकरीचं जमतंय का बघायला फरजानाला घरच्यांनी या स्पर्धेपुरतीच मुदत दिली होती. तेव्हा नाव काहीही असो, पहिल्या दोनांत यायचं होतं.

रायपूर, पहिली संध्याकाळ

नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या बाईंनी टीमचं नाव वाचलं आणि पेन थांबवलं.

"दीदी, ये 'ढ' ही है? नीचे बिंदी लगेगी क्या?"

"बिंदी कशाला?" मी मराठीतच म्हणून गेले. मग हिंदीत सांगितलं की आमच्यात ढ म्हणजे ढ, त्याला खाली काही लागत नाही. बाई हसल्या. ढ म्हणजे मठ्ठ, ही गंमत त्यांच्या हिंदीत नाही. "ढ तुकडी" त्यांना एखाद्या शौर्यदलाचं नाव वाटलं आणि त्यांनी आदरानं लिहून घेतलं.

मागून आवाज आला, "काहून मॅडम, बार्शीच्या काय तुम्ही? प्रवासात तरास तं नाही झाला?"

हे वैरागडे सर. स्पर्धा ज्या संस्थेत होती तिथले प्राध्यापक आणि प्रश्न काढणाऱ्या समितीतले एक. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरकडून इकडं आले, तेव्हापासून घर बूढापाऱ्यात. मराठी ऐकल्यावर त्यांनी आम्हाला जेवायलाच नेलं. "होस्टेलवर काय खासान तुम्ही? घरी चला. उद्याच्या पेपराबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, तुम्हीबी विचारू नका."

आणि खरंच कुणी विचारलं नाही.

पारा म्हणजे मोहल्ला, हे आम्हाला रिक्षात कळलं. आमच्याकडे पारा थर्मामीटरमध्ये असतो नाहीतर माझ्या डोक्यात चढतो. "इथं पाऱ्यात माणसं राह्यतात," सर म्हणाले. बूढा तलावाच्या बाजूनं गल्ली आत वळली की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. सरांचं घर अशाच एका गल्लीत. वहिनींनी वरण-भात, पोळ्या, आपल्या लाल माठासारखी लाल भाजी आणि फरा केला होता. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले बोटभर लांब मुटके, वरून तीळ-मिरचीची फोडणी. आम्ही ज्वारीची माणसं, भात शेवटी घासभर. इथं सुरुवात भातानं, मध्ये भात, शेवटीही तांदूळच. फरजानानं किती फरे खाल्ले ते मी मोजलं नाही, वहिनींनीही मोजू दिलं नाही.

"आमच्या पोट्टीले मराठी समजते सारं," वहिनी सांगत होत्या, "पण जवाब हिंदीतच देते."

"समझती हूँ ना आई, तो फिर?" पोट्टी, म्हणजे त्यांची मुलगी, म्हणाली. ती बँकेत नोकरीला आहे.

जेवणाच्या आधी तिनंच आम्हाला फिरवून आणलं होतं. बूढापाऱ्यातून निघालो, सदर बाजारातल्या सराफी दुकानांवरून रमतगमत चाललो आणि गोल बाजारात पोचलो. मेघाला पितळी वाटी घ्यायची होती. चालताना दुकानांच्या पाट्या वाचायची तिला सवय आहे. एका पाटीवर बूढ़ापारा टिंबासकट, शेजारच्याच पाटीवर बिनटिंबाचा. "मॅडम, यांचं एकमत नाही," ती म्हणाली. तेवढंच. वाटी घेतली, घासाघीस केली आणि परत आलो. पाय दुखायच्या आत संपणारा रस्ता आहे.

मांडवात

स्पर्धेच्या हॉलमध्ये मार्गदर्शकांना प्रवेश नसतो. आम्हाला बाहेर मांडवात बसवलं होतं. समोर मोठा पडदा आणि पडद्यावर सगळ्या टीमचे चौकोन. आपल्या मुलींना आत काय होतंय ते बाहेर फक्त रंगांवरून कळतं. ही शिक्षा कुणी शोधून काढली कोण जाणे.

दोघींचे पहिले चौकोन भराभर हिरवे झाले. आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. शेजारी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजचे मार्गदर्शक बसले होते, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात थर्मास. त्यांनी विचारलं, तुम्ही खास काय करून घेता? मी म्हटलं, माहिती वाचून घेते. त्यांना वाटलं मी सांगायचं टाळते आहे.

मग पाचव्या प्रश्नाचा चौकोन आला. बहुतेकांचा हिरवा होत होता. आमचा लाल.

थोड्या वेळानं पुन्हा लाल. यावेळी शेजारी बारीक अक्षरात कारण होतं: प्रोग्राम मध्येच कोसळला. मी खुर्चीच्या कडेवर आले. माझ्या मुलींचा प्रोग्राम चुकेल, पण असा कोसळणार नाही. तिसऱ्यांदा लाल. त्यानंतर शेवटपर्यंत काहीच नाही. चौकोन तसाच राहिला आणि आम्ही घसरून तिसरे झालो.

"इनपुट में फँस गए होंगे," पट्टेवाले म्हणाले, "वो तो बच्चे पहले साल में सीख लेते हैं।"

माझा पारा चढला. मी चहा घ्यायला उठले, नाहीतर बोलले असते.

दोघी बाहेर आल्या त्या एकमेकींशी न बोलता. फरजानाचे डोळे लाल होते. मेघानं सरळ माझ्यासमोर येऊन सांगितलं, "मॅडम, पाचव्याचं त्यांना हवं असलेलं उत्तर मला माहीत होतं. मी पाठवलं नाही."

मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. मग मी म्हटलं, बस, पाणी पी, आणि पहिल्यापासून सांग.

प्रश्न असा होता. यंदा आयोजकांनी हौसेनं गावातल्याच जागांची नावं देवनागरीत घातली होती. पहिल्या ओळीत एक आकडा: एकूण जागा किती. पुढं प्रत्येक ओळीत दोन नावं, मध्ये स्वल्पविराम: या जागेपासून त्या जागेला रस्ता आहे. शेवटी प्रश्न: अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जाता येतं का? प्रोग्रामनं "हाँ" किंवा "नहीं" एवढंच सांगायचं.

सोबत छापलेल्या नमुन्यात पहिल्या ओळीत चार होतं. मेघानं खालची नावं मोजली तर पाच भरली. पंडरी, गोल बाज़ार, कोतवाली, बूढ़ापारा आणि बूढापारा. एका ढ-खाली टिंब, दुसऱ्याखाली नाही. यंत्राला टिंब म्हणजे वेगळं अक्षर, म्हणून वेगळं नाव, म्हणून वेगळं गाव. माणसाला नाही. बहुतेक मुलं पहिल्या ओळीतला आकडा वाचून सोडून देतात, कारण त्याच्याशिवायही प्रोग्राम चालतो. माझ्या मुलींना सोडून द्यायला मी शिकवलेलं नाही.

तिनं आतून परीक्षकांना लेखी विचारलं: दोन्ही एकच आहेत का? उत्तर आलं, "सवाल ध्यान से पढ़ें।" तिनं ध्यान देऊनच वाचला होता. मग तिनं आपल्या मराठी रीतीनं वागायचं ठरवलं आणि सगळी टिंबं काढून टाकून प्रोग्राम पाठवला. लाल.

इथं दुसरी कुणी असती तर आपलंच काहीतरी चुकलं म्हणून गणित तपासत बसली असती. मेघानं परीक्षकांना तपासायचं ठरवलं. लपवलेली माहिती दिसत नाही, पण ती चाचपता येते. तिनं प्रोग्राममध्ये एक अट घातली: टिंबं तशीच ठेवून नावं मोज, आणि ती पहिल्या ओळीतल्या आकड्याशी जुळली नाहीत तर स्वतःहून कोसळ. प्रोग्राम कोसळला. दंड बसला. मग टिंबं काढून तीच अट पुन्हा लावली. यावेळी कोसळला नाही, नुसतं "चूक" आलं. म्हणजे टिंबं काढली तरच त्यांची माहिती त्यांच्याच आकड्याशी जुळते, आणि तरी ते आमच्या उत्तराला चूक म्हणतात. दोनदा दंड भरून पोरीनं पुरावा उभा केला होता.

"मी म्हटलं, टिंब ठेव आणि पाठव, मोकळ्या होऊ," फरजाना म्हणाली. "आपण दुसऱ्या राहिलो असतो मॅडम. हिनं कीबोर्डच सोडला नाही."

"तू पण ओढून घेतला नाहीस," मेघा म्हणाली.

 फरजाना हळूच म्हणाली, "पटलं होतं म्हणून नाही घेतला. पटलं होतं याचाच राग आलाय."

समितीच्या खोलीत

तक्रारीला वेळ दिलेला असतो. आम्ही त्या वेळेत गेलो. लांब टेबल, काजूकतलीची ताटं, समितीतले चौघेजण. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या बाजूला वैरागडे सर. मेघानं सगळं सांगितलं, हिंदी अडखळत, मुद्दा कुठंही न अडखळता.

अध्यक्ष म्हणाले, "बेटा, स्ट्रिंग जैसी दी है वैसी ही पढ़नी होती है। बिंदी अलग तो नाम अलग।"

दिलेली अक्षरं तशीच वाचायची हा नियम मलाही ठाऊक आहे, मीही तो शिकवते. पण मी म्हटलं, नाव वेगळं धरायचं तर तुमचा पहिला आकडा खोटा ठरतो. दोन्ही एकदम खरं कसं धरायचं?

वैरागडे सरांनी तोवर लॅपटॉप उघडला होता. त्यांनी फाइलमधली नावं एकेक करून वाचून काढली. मग त्यांनी लॅपटॉप टेबलावर आमच्याकडे फिरवला. अर्धी माहिती त्यांनी टाइप केली होती, अर्धी त्यांच्या एका सहकाऱ्यानं. सरांच्या अर्ध्यात ढ-खाली कुठंच टिंब नव्हतं.

"मी तं टाकतच नाही टिंब," ते मराठीतच म्हणाले, जणू खोलीत आम्ही तिघीच होतो. "घरी आईनं लिहाले शिकवलं तसंच लिवतो. जनम गेला माझा बूढापाऱ्यात, आन मीच त्याचे दोन तुकडे करून ठेवले." मग हिंदीत, सगळ्यांना: "गलती मेरी है।"

त्यांनी उत्तरांची फाइल उघडली. त्यांच्या प्रोग्रामनं दिलेलं, अधिकृत, तपासलेलं उत्तर: बूढापाऱ्यातून गोल बाजारात जाता येतं का? नहीं.

आता फरजाना पुढं झाली. आत पाठव पाठव म्हणणारी हीच. तिचं हिंदी आमच्यात सगळ्यात सुरेख. "सर, कल शाम हम पैदल गए थे। बरतन भी लिया। आप कह रहे हैं रास्ता ही नहीं है। तो हम पहुँचे कैसे?"

एकजण हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी खिडकीतून मांडवाकडे पाहिलं. उत्तर दुरुस्त करून पुन्हा तपासायचं तर जवळपास सगळ्यांचे पाचवे चौकोन लाल होणार, आणि त्या सगळ्यांचे मार्गदर्शक बाहेर बसले होते. पट्टेवाल्यांची टीम पहिल्या नंबरवर होती. अध्यक्षांनी निर्णय सांगितला: माहिती सगळ्यांना सारखीच होती, अन्याय कुणावर झालेला नाही, निकाल आहे तसाच राहील.

"सारखी चूक सगळ्यांना दिली म्हणजे ती बरोबर होते का?" मी विचारलं.

"मैडम, दूसरे बच्चों का भी सोचिए।"

मी विचार केला, खरंच केला. त्या मुलांनी काही वाईट केलं नव्हतं. त्यांनी दिलं ते वाचलं आणि त्यांना हिरवं मिळालं. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच. मी वैरागडे सरांकडे पाहिलं. आता ते बोलतील असं वाटलं. ते लॅपटॉपचं झाकण मिटून खाली बघत बसले. चूक कबूल करणारा माणूस पुढचं एक वाक्य गिळून बसतो याचा मला नियमापेक्षाही जास्त राग आला. जाताना मी त्यांना नमस्कारही केला नाही.

बाहेर निकालाच्या कागदावर सह्या चालल्या होत्या. प्रत्येक मार्गदर्शकानं आणि प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकानं सही करायची: निकाल मान्य आहे, तक्रार नाही. पेन माझ्यापुढं आलं. मी ते पुढच्या माणसाकडे सरकवलं. पट्टेवाले म्हणाले, "फॉर्मैलिटी है, कर दीजिए।" फॉर्मॅलिटीच असेल तर माझ्या सहीवाचून काय अडतं, असं म्हणून मी मुलींना घेऊन निघाले.

पंडरी

दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता, म्हणून पंडरीच्या कापडबाजारात गेलो. ठोक दुकानं, गठ्ठ्यांवर गठ्ठे, एकेक तागा धाड्‌कन उलगडल्याचा आवाज. मी आईसाठी सुती लुगडं बघत होते आणि दुकानदार मला सिंथेटिकच्या बाजूला ओढत होता. मेघा कापडाकडे बघतही नव्हती. तिला वाटत होतं फरजानाची मुलाखत तिनं घालवली. तसं ती मला म्हणालीही, "मी बरोबर होते मॅडम, पण किंमत तिनं दिली." मी तिला काही गोड बोलले नाही. कारण ते खरं होतं.

उपाय फरजानानंच काढला. दुकानदाराला तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भैया, बूढ़ापारा से गोल बाज़ार का रास्ता है क्या?" त्यानं कापड मोजता मोजता "सीधा है" म्हटलं. मग उसाच्या रसवाल्याला तेच. मग एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याला. तो रिक्षावरून खाली उतरला, आम्हा तिघींना नीट निरखलं आणि म्हणाला, "हव, रद्दा काबर नइ रहिही?" रस्ता का नसेल? त्याला वाटलं पोरी हरवल्या आहेत, म्हणून तो आम्हाला फुकट सोडायला निघाला. त्याला नको म्हणता म्हणता मेघा हसली, आणि हसता हसता रस्त्यातच रडली. फरजानानं आपल्या ओढणीनं मेघाचे डोळे पुसले आणि म्हणाली, "रडू नकोस, अजून दोघातिघांना विचारायचं राहिलंय."

गाडीत बसायच्या आधी वैरागडे वहिनींनी स्टेशनवर डबा पाठवला होता. फरे आणि ठेठरी, म्हणजे बेसनाची कडबोळीच. सर स्वतः आले नव्हते. मी डबा घेतला, खाल्लाही, पण फोन करून आभार मानले नाहीत. वहिनींनी काय घोडं मारलं होतं, पण राग असा निवडून धरता येत नाही.

बार्शी

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. फरजानानं घरी आणखी एका स्पर्धेपुरती मुदत मागितली. वडील म्हणाले, तिसऱ्या आलात ना, मग आता कशाला? तिनं त्यांना कागदावर टिंबं काढून सगळं समजावलं. त्यांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. "एकाच गिऱ्हाइकाची दोन नावं धरली तर माझा धंदाच बसेल," ते म्हणाले, आणि मुदत दिली. मेघा आणि ती रोज माझ्यापुढं बसतात. मी अजूनही त्यांना वाचायलाच लावते. विभागात अजूनही ढ तुकडी म्हणतात. म्हणोत.

रायपूरच्या ऑफिसातून फोन येतात. वर कुठंतरी कागद पाठवायचा आहे, सही राहिली आहे, कुरिअरनं पाठवतो, करून द्या. दर वेळी मी तेच सांगते. पाचव्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करा आणि तसं लिहा. नंबर बदलू नका, आमच्या मुली तिसऱ्याच राहू द्या. फक्त उत्तर दुरुस्त करा, त्या क्षणी सही करते. फोनवरची मुलगी बिचारी सज्जन आहे. ती सगळं ऐकून घेते आणि चार दिवसांनी पुन्हा फोन करते.

परवा तिचा आवाज रडकुंडीला आला होता. "मैडम प्लीज़, सबका हो गया है। पूरे काग़ज़ पर बस दो साइन बाकी हैं।"

"दोन?" मी विचारलं. "एक माझी. दुसरी कुणाची?"

"वैरागडे सर की," ती म्हणाली. "वो भी नहीं कर रहे।"